पुंडलिकरावांचा शंकेचा कप्पा

पुंडलिकराव एसटीत तिकीट तपासनीस होते. अशा माणसाचं एक असतं बघा, तिकीट नसलेल्यापेक्षा न मागता तिकीट पुढे करणारा त्यांना जास्त खुपतो. निवृत्त होऊन बोरगाव मेघेला घर बांधलं, पण नजर काही निवृत्त झाली नाही. भाजीवाल्यानं आपल्या मनानं वर कोथिंबीर टाकली, की हे लगेच खालची मेथी उलटीपालटी करून बघणार.

अशा माणसाच्या मुलीला स्थळ आलं. मुलगी दिपाली, दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. म्हणजे तपासणी घराण्यातच. मुलगा आर्वीचा, कार्तिक, वायरिंगच्या सामानाचं दुकान. दिपालीला तो पसंत होता. किती, ते तिनं सांगितलं नव्हतं. पण कार्तिकचं नाव निघालं की पोरगी पुसलेलाच ओटा पुन्हा पुसायला लागायची, हे तिच्या आईनं, सुलोचनाबाईंनी, केव्हाच हेरलं होतं. अडलं होतं ते बापाच्या होकारावर, आणि रविवारी आर्वीला उत्तर कळवायचं होतं.

पुंडलिकरावांनी चौकशी काढली. भाचा प्रफुल कॉम्प्युटरवाला. त्यानं टिपणं लावायचं एक सॉफ्टवेअर मामाच्या फोनवर आणि घरच्या कॉम्प्युटरवर टाकून दिलं. वर मुलाचं नाव, खाली कप्पे. फोनवर लिहिलेलं घरी दिसायचं, आणि कप्प्याशेजारचा बाण दाबला की आतलं सगळं मिटून नुसता आकडा उरायचा. मामांनी कप्पे सांगितले: व्यसन, भांडण, तब्येत, भानगड.

"अन् मामाजी, घाईत कप्पा निवडाचा राहून गेला, तं ते टिपण कुठं जाऊ देऊ?"

"शंका नावाचा कप्पा कर. तिथं."

"सारंच?"

"सारंच. माहीत नाई म्हणजे शंकाच व्हय ना बाप्पा!"

दुसऱ्या दिवशी स्वारी आर्वीत. बसस्टँडवरच्या चहावाल्याला गाठलं.

"पोट्टा कसा हाय जी?"

"चांगला हाय."

"चांगला म्हणजे?"

"आता चांगला म्हणजे चांगलाच ना जी!"

पुंडलिकराव अस्वस्थ झाले. कार्तिकच्या दुकानासमोर एक शिंपी बसायचा, त्याच्याकडे गेले. शिंपी म्हणाला, "त्याचा शर्ट माह्याच्यानं बिघडला, तरी आवाज नाई चढवला त्यानं."

"काऊन नाई चढवला?"

"हे मी कसं सांगू!"

जिथे जावं तिथे हेच. उभ्या उभ्या अंगठ्यानं टिपणं चालली होती, पण टाकायची कुठे? न चढलेला आवाज भांडणात बसेना, तब्येतीत बसेना. तपासनीसबुवा कप्पा न निवडताच पुढे सरकत राहिले.

घरी येऊन त्यांनी कॉम्प्युटर उघडला. कप्पे मिटलेले. व्यसन रिकामं, भांडण रिकामं, तब्येत आणि भानगडही रिकामी. आणि शंकेपुढे हा एवढा आकडा! पुंडलिकराव खुर्चीत मागे टेकले.

"अवं, पाय हे! इतकी शंका तं मले साऱ्या नोकरीत कोणावर आली नाई. मी नाई म्हणून कळवतो."

"अवो, पण आत काय लिवलं हाय?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"आत काय पाहाचं? आकडा दिसून नाई राह्यला काय?"

त्यांनी फोन उचलला तशी स्वयंपाकघरातून दिपाली आली, हातात ओलं फडकं. तिनं बापाकडे बघितलं नाही. बाण दाबला आणि मोठ्यानं वाचायला लागली.

"शिंप्यानं शर्ट बिघडवला, ओरडला नाही. बाबा, ही शंका?"

"तवा होती."

"आईचा चष्मा स्वतः पुसून देतो. ही?"

"दुकानात गिऱ्हाईक असताना कोणी चष्मे पुसते काय?"

"बहिणीला गाडी शिकवली. तिनं नालीत घातली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाबी दिली." आता तिनं बापाकडे बघितलं. म्हणाली, "बाबा, चांगल्या माणसासाठी तुम्ही कप्पाच नाई केला. तो बिचारा जाईल कुठं?"

पुंडलिकरावांनी बायकोकडे आशेनं पाहिलं. "पण इतकं चांगलं कोणी असते काय?"

"मलेही लोकायनं हेच सांगितलं होतं, नवरदेव लय चांगला हाय म्हणून. मी आलीच ना?"

"मंग? फसली काय?"

"ते मी सांगत नाई," म्हणत सुलोचनाबाईंनी आर्वीचा नंबर लावून फोन त्यांच्या हातात कोंबला.

पलीकडे मुलाचे वडील, प्रभाकरराव. पुंडलिकरावांनी घसा साफ करून एका दमात होकार सांगून टाकला. तिकडून दबका आवाज आला, "रविवार तं अजून लांब हाय. इतक्या लवकर हो म्हणून राह्यले... काही भानगड तं नाई ना जी?"

पुंडलिकरावांचा चेहरा असा उजळला, की सुलोचनाबाईंना तो लग्नातही तसा दिसला नव्हता. हा माणूस आपला!

"या ना जी, चौकशी करा! आमच्या गल्लीत कोणालेही विचारजा. फक्त समोरच्या आनंदाबाईले सोडून."

"काऊन जी?" प्रभाकरराव म्हणाले, आणि दिपालीनं ओलं फडकं स्वतःच्याच तोंडावर घेतलं.