घाटाच्या दरवाज्यावरचं खेचर

बाबा गेले त्या दिवशी गावची नवी शववाहिनी घाटाच्या दरवाज्यात अडकली. गाडीचं छत उंच, आणि दरवाजा जुना, विटांचा, बुटक्या कमानीचा. ड्रायव्हरनं पुढे-मागे करून पाहिलं. शेवटी माझा भाऊ म्हणाला, "राहू दे. खांद्यावर नेऊ." तिरडी उतरवली आणि बाबा कमानीखालून आत गेले.

मीही गेले. आमच्या घरच्या बायका घाटावर जात नाहीत. वडशाजवळच्या याच गावात मी जन्मले, इथल्याच शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले, पण तो दरवाजा फक्त रस्त्यावरून पाहिलेला. त्या दिवशी भावाला म्हटलं, "मी येणार," आणि त्याच्यामागून चालू लागले.

परत निघताना मान वर गेली. कमानीच्या आतल्या अंगाला, चुन्याच्या जाड थरांखाली, एक जनावर होतं. लांब कान, पाठीवर दोन्ही बाजूंनी ओझं. पुढे चालणाऱ्या पुरुषांपैकी कुणीच वर पाहत नव्हतं.

घरी आल्यावर, कडुलिंबाचा पाला तोंडात असतानाच, मी भावाला विचारलं, "दरवाज्यावर गाढव काऊन आहे रे?"

"गाढव? नंदी असन."

"नंदीले शिंगं असतात."

"तुटले असन," तो म्हणाला. "मी तं कधी पाह्यलंच नाई."

घरात माणसांची ये-जा होती, आणि माझ्या डोक्यात ते जनावर. बाबांबद्दल आता कुणाला काही विचारण्यासारखं उरलं नव्हतं. त्याच्याबद्दल होतं.

तेरवी झाली आणि कळलं की नगरपंचायत दरवाजा पाडणार. कारण खरंच होतं, गाडी आत जात नव्हती. मी इंजिनिअरकडे गेले. तरुण, नम्र मुलगा. म्हणाला, "मॅडम, कुणी बांधला, कशासाठी, कुणालाच माहीत नाही. मी सगळ्यांना विचारलं."

"त्याच्यावर काय आहे ते तरी पाहू द्या. मग पाडा."

"पाहा," तो म्हणाला. "पण लवकर."

भाऊ आणि मी शिडी घेऊन गेलो. पाणी शिंपडायचं, चुना फुगला की लाकडी उलथण्यानं हळूच काढायचा. वरचा थर गुलाबी, त्याखाली निळा, मग नुसता पांढरा. जनावर मोकळं झालं तेव्हा भाऊ शिडीवरूनच ओरडला, "हे खच्चर होय वो! शेपटी पाह्य नं, घोड्यावानी आहे." आणि खेचराच्या पायाखाली अक्षरं निघाली. 'सरकारच्या लढाईत खेचरें घेऊन बसऱ्यास गेलेले व परत न आलेले या गांवचे गडी.'

बसरा! इराकचं बंदर. वर्गातल्या नकाशावर मी ते वर्षानुवर्षं पोरांना दाखवलं होतं. पहिल्या महायुद्धात इथली माणसं तिकडे नेली होती, हेही वाचलेलं. पण ती आमच्या गावची? आणि गड्यांची नावं कुठे? अक्षरांखाली गुळगुळीत गिलाव्याची मोठी चौकट होती. पूर्ण कोरी. आम्ही कोपऱ्यापर्यंत साफ केली. एक अक्षर नाही.

तलावाच्या पाळीजवळ एक म्हातारी राहते. तिच्या घरचा कुणीतरी पूर्वी पलटणीत होता, असं बाबा सांगत. मी तिच्याकडे गेले. ती अंगणात लाखोळीची डाळ पाखडत बसली होती.

"त्या दरवाज्याचं विचारून राह्यली का?" ती म्हणाली. "माह्या आज्यानं बांधला तो. आजा अन् त्याचा लहाना भाऊ, दोघंबी गेलते. बंदूक नाई देल्ली त्याइले. खच्चर हाकाचं काम. पाणी, दाणा, तोफेचे गोळे, सारं खच्चरावर."

"मग?"

"आजा तापानं दवाखान्यात पडला. उठून आला तं रांगेत भाऊ नाई अन् भावाचं खच्चरबी नाई. कोणालेच सांगता येये ना. आजा परत आला, भाऊ नाई आला. गावचे आणखी काही जण नाई आले."

"पण घाटावर दरवाजा काऊन बांधला?"

तिनं सूप खाली ठेवलं. "मेल्यावर माणसाले घाटावर आणा लागते नं? याइले कोण आणते तिकडून? आज्यानं म्हटलं, मी दरवाजा तरी बांधतो."

"आणि नावं?"

"मिस्त्री नावं लिवाले बसला, तं आज्याची माय तिथी जाऊन उभी राह्यली. म्हणे, माह्या पोराचं नाव मसनात लिवू नका, तो येऊन राह्यला. तिनं देल्लं नाई म्हणून मंग बाकीच्या घरांनीबी नाई देल्लं."

गोष्ट खरी वाटत होती, पण शंभर वर्षांत गोष्टी कशा फुगतात हे मला माहीत आहे. तेवढ्यात आतून नातसुनेनं आवाज दिला, "आजी, चहापत्ती माकू. दुकानातून आणू का?"

"माकू म्हणजे?" मी विचारलं.

"नाई म्हणजे माकू. संपलं म्हणजे माकू. आजा म्हणे, तवापासून आमच्या घरी साऱ्याइलेच सवय."

आमच्या बोलीत हिंदी आहे, तेलुगू आहे, गोंडी कानावर असते. हा शब्द मी कुठेच ऐकला नव्हता. माझी एक विद्यार्थिनी कुवेतला नर्स आहे. घरी येऊन तिला फोन लावला. ती हसायलाच लागली. "बाई, हा तर इथला शब्द! पेशंट दिवसभर म्हणतात. माकू, म्हणजे नाही. इराककडचेही असंच म्हणतात. तुम्हाला कुणी शिकवला?"

तलावाच्या पाळीवरच्या एका घरात चहाच्या डब्यापाशी बसऱ्याचा शब्द जिवंत होता! मी भावाला हाक मारली, त्याला सगळं सांगितलं, आणि मग एकदम रडू आलं. बाबांना हे किती आवडलं असतं.

इंजिनिअर स्वतः येऊन शिडीवर चढला, अक्षरं वाचली, उतरून हात झटकले. बाजूची भिंत फोडून गाडीला वाट द्यायचं ठरलं. नगरपंचायतीत फारसा वाद झाला नाही. कोऱ्या चौकटीत आज्याच्या भावाचं नाव लिहायचं का, हे मात्र म्हातारीला विचारणं भाग होतं. आठवडी बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "लिवा. पण मेला म्हणून लिवू नका. बसऱ्याले गेला, एवढंच लिवा."

पेंटरनं तसंच लिहिलं. त्यानंतर गावातल्या आणखी दोन घरांनी नावं दिली. एका घराला फक्त आडनाव आठवत होतं, तेही लिहिलं.

मागच्या महिन्यात एटापल्लीकडून एक गोंड कुटुंब आलं. आमच्या दरवाज्याची बातमी कशी पोचली कोण जाणे. त्यांच्या आज्याचा बापही खेचरं घेऊन गेला होता म्हणे, आणि आला नव्हता. त्यांच्या गावाला दरवाजा नाही. मी त्यांना घेऊन म्हातारीकडे गेले. तिनं सगळं ऐकलं, त्यांच्यातल्या सर्वांत वयस्क बाईला जवळ बसवलं आणि मला म्हणाली, "बाई, पेंटरले बलाव."