कर जमा, पण कुठे?

आमची धाकटी सून कुत्र्यांचे स्वेटर विणते. हे ऐकून लोक आधी हसतात, मग हळूच किंमत विचारतात, म्हणून मला सांगायला फार आवडतं. आखूड पायांच्या कुत्र्याचा स्वेटर म्हणजे उशीच्या अभ्र्याला चार बाह्या. एका बाईंनी तर कुत्र्याचं माप म्हणून स्वतःच्या दंडाचा घेर कळवला होता. कुत्रं अंगाला हात लावू देईना, काय करणार!

धाकटा गेला तेव्हापासून सूनबाई आमच्या मागच्या खोलीत असते. ती रडली नाही. जेवायला बोलावलं की ‘बरं’. खोलीला रंग देऊ म्हटलं, ‘बरं’. नातेवाईक म्हणायचे, मोठी खंबीर बाई. मला ते काही पटायचं नाही. दात काढायच्या आधी सुई टोचतात ना, मग गाल असतो आपलाच, पण चिमटा काढला तरी कळत नाही, तसलं ते होतं. ती विणायची तेवढी मात्र नेमाने.

सुरुवातीला ती फोनवरच्या एका मोठ्या बाजारात स्वेटर विकायची. तिथे हजारो विक्रेते. विक्रीकराचं सगळं बाजारवालेच बघायचे, गिऱ्हाइकाकडून घ्यायचे आणि परस्पर सरकारात भरायचे. पण त्यांचं कमिशन जबर होतं. मग तिने दुसऱ्या एका कंपनीकडून फोनवरच स्वतःचं दुकान उघडलं. भाडं थोडं, पाटी आपली. तिथेही कराची सोय होती. ऑर्डर आली की बिलात कर आपोआप लागायचा, आणि खाली हिरवी खूण होऊन दोनच शब्द यायचे: ‘कर जमा’. झालं! जमा झाला म्हणजे पोचला.

दुकान चाललं. मिळालेल्या पैशातून तिने विणायचं मशीन घेतलं. धाकटा गेल्यावर स्वतःहून मागितलेली ती पहिली वस्तू. दांडी या टोकाकडून त्या टोकाकडे सरकली की भिंतीपलीकडे खर्र, खर्र वाजायचं. आमची ही म्हणायची, चला, घरात कुणीतरी बोलतंय.

वर्ष संपल्यावर मी आणि सूनबाई टॅक्सवाल्याकडे गेलो. माणूस सज्जन, फक्त चष्म्यावरून बघायची खोड.

“विक्रीकर भरलात ना, ताई?”

“रोज जमा होतो,” म्हणत तिने फोन पुढे केला.

“कुठे जमा होतो?”

तिने माझ्याकडे पाहिलं. “सरकारात.”

“तुमच्या खात्यात,” तो म्हणाला. “भरायचा तुम्ही.”

मग त्याने समजावून सांगितलं. बाजारवाले भरत होते, कारण तिथे त्यांच्यावरच ती जबाबदारी होती. दुकानवाली कंपनी फक्त आकडा काढून बिलाला लावते, आणि गिऱ्हाइकाने दिलेला कर विक्रीच्या पैशांबरोबर आपल्याच खात्यात येऊन पडतो. आपण होऊन भरला तर दंड थोडा, सरकारने विचारल्यावर भरला तर... पुढचं त्याने चष्मा पुसण्यात घालवलं. वर्षभराचा कर लोकरीत आणि मशीनमध्ये गेला होता.

सूनबाई म्हणाली, “बरं.”

परतताना मी तिला आमच्या शाळेतल्या टकलूची गोष्ट सांगितली. गुरुजी म्हणाले, वह्या जमा करा. सगळ्यांनी टेबलावर ठेवल्या, टकलू जागचा हलला नाही. गुरुजींनी विचारलं, तुझी कुठंय रे? म्हणाला, जमा केली गुरुजी, दप्तरात. ही गोष्ट सांगितली आणि कुणी हसलं नाही, असं आजवर घडलं नव्हतं. सूनबाई रस्त्याकडे बघत चालत होती. मग तीच म्हणाली, मशीन विकावं लागेल. मी म्हटलं, माझ्या पेन्शनीतून थोडे घे. तिने मान हलवली. नाही म्हणायलाही तिला जोर लागला नाही.

मशीन गल्लीच्या टोकाच्या शिंपीणबाईंनी घेतलं. उचलायला दोन माणसं घेऊन आल्या, तर त्यावर अर्धा स्वेटर तसाच लटकलेला. तीन पायांच्या एका कुत्र्याचा होता, म्हणून बाह्या तीनच. शिंपीणबाई कामाच्या घाईत. त्यांनी खिशातून कात्री काढली.

“थांबा,” सूनबाई म्हणाली.

एवढंच, पण आम्ही सगळे थांबलो. तिने हाताने विणायची सुई घेतली आणि मशीनवरचा एकेक टाका उचलून तिच्यावर घ्यायला लागली. एक निसटला, तो खाली तीन ओळी उसवत गेला. तिने तो आकड्याने वर आणला. ती दोन माणसं दाराला टेकून उभी, शिंपीणबाई कात्री उघडमीट करत होत्या. शेवटचा टाका सुईवर आला तेव्हा ती बाजूला झाली आणि म्हणाली, “न्या.”

कर भरला, दंडही भरला. आता भिंतीपलीकडे काही वाजत नाही. परवा संध्याकाळी मी तिच्या खोलीत चहा घेऊन गेलो, तेवढ्यात तिचा फोन वाजला. ऑर्डर होती. हिरवी खूण, ‘कर जमा’. तिने विणकाम मांडीवर ठेवलं, कराचे पैसे त्यासाठी काढलेल्या वेगळ्या खात्यात टाकले आणि पुन्हा सुया उचलल्या.

“दप्तरात गेले, बाबा,” ती म्हणाली.

मी चहा खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि तिसरी बाही अजून व्हायची होती.