पिवळ्या फितीची गाडी

ज्या तपासासाठी मला प्रशंसापत्र मिळालं, तो मी लावलाच नव्हता. हे आजवर कुणाला, अगदी घरीसुद्धा, बोललो नाही. नोकरी मुदतीआधी सोडली आहे. आता लिहून टाकतो.

वडील हवाई दलात. त्यांच्या बदलीमुळे आम्ही चंडीगडला आलो आणि मी इथल्याच पोलिसांत भरती झालो. तेव्हा शहराच्या कडेच्या मनीमाजरा ठाण्यात होतो. बाजारातल्या एका दुकानातून महिनाभर मोबाईल गायब होत होते. कुलूप शाबूत, शटर शाबूत. एकदा पंचनामा करताना कपाटाखाली रिमोटची खेळण्यातली गाडी अडकलेली सापडली. मागे तारेचा आकडा, एरियलला पिवळी फीत. मागच्या जाळीखालच्या फटीतून ती आत यायची आणि सुतळी बांधलेला खोका ओढत बाहेर न्यायची.

दुपारपर्यंत खबऱ्याने बातमी आणली. "जनाब, ही फीत पलीकडच्या गल्लीतल्या खेळणी दुरुस्तीवाल्याची. तो गाड्यांची फ्रिक्वेन्सी बदलतो."

फ्रिक्वेन्सी म्हटल्यावर मला मोठंच काहीतरी हाती लागल्यासारखं वाटलं. त्याला उचलून आणला. पन्नाशीचा, शांत माणूस.

"साहबजी, गल्लीत सगळ्या पोरांकडे एकाच कंपनीच्या गाड्या. एकाने बटण दाबलं की दुसऱ्याची पळते, मग मारामाऱ्या. फ्रिक्वेन्सी ठरवणारा क्रिस्टल असतो, तो मी गाडीतला आणि रिमोटमधला, दोन्ही बदलतो. ज्या नंबरचा क्रिस्टल, त्या रंगाची फीत. बस."

"ही कुणी आणली होती?"

"गाडी ओळखतो जी, गिऱ्हाइकांचे चेहरे नाही."

मला ती मखलाशी वाटली. त्याच्या कानाखाली वाजवली. कॉलेजात जाणारी त्याची मुलगी तेव्हा डबा घेऊन दारात उभी होती.

गाल चोळत तो म्हणाला, "मारा जी. पण हिच्या जोडीचा रिमोट शोधा. पिवळा क्रिस्टल मी एकाच जोडीला घातलाय. पक्का."

दुकानाच्या गल्ल्यावर मालकाचा भाचा बसायचा. तो मला आधीपासून खटकत होता. त्याच्या घरझडतीत हुबेहूब सारखे तीन रिमोट मिळाले. "मुलाचे आहेत," म्हणाला.

त्याला ठाण्यात बसवलं. गाडीत नवे सेल घालून ती फरशीवर ठेवली. पहिला रिमोट, काही नाही. दुसरा, काही नाही.

"जनाब, खेळायचं वय राहिलं का आपलं?" भाचा हसला.

तिसऱ्याचं बटण दाबलं. गाडी सुसाट सुटली आणि थेट त्याच्या बुटावर आदळली.

"लो जी, पोरीने बाप ओळखला!" ठाण्याचा कारकून, मुन्शी, ओरडला. सगळं ठाणं खदखदून हसलं. भाच्याने मात्र पाणी मागितलं आणि सगळं कबूल केलं. दिवसा गल्ल्यावर असताना तोच खोक्याला सुतळी बांधून ठेवायचा. पोरांच्या रिमोटने त्याची गाडी दुकानात भलतीकडेच धावायची, म्हणून त्याने ती बदलून घेतली होती. संध्याकाळच्या आत विमानतळाजवळच्या एअरोसिटीतल्या त्याच्या भाड्याच्या फ्लॅटमधून फोन जप्त झाले, बहुतेक सीलबंद. ठाण्यात बर्फी वाटली. नोकरीतला तेवढा आनंदाचा दिवस दुसरा आठवत नाही.

अहवालात मात्र मी लिहिलं, 'तपासी अंमलदाराने युक्तीने जोडी जुळवली.' दुरुस्तीवाल्याचं नाव रोजनामच्यात संशयित म्हणून आलं, ते तसंच राहिलं. पोलिसांनी नेलेल्या माणसाकडे कोण खेळणी देणार? वर्षाच्या आत त्याने दुकान बंद केलं.

'चेहरे ओळखत नाही' हे उत्तर खरंही असू शकतं, एवढं मी त्या दिवशी शिकलो. पुढे चौकशीत कुणावर हात उचलला नाही.

त्याची मुलगी आता इंजिनिअर आहे, सेक्टर तीसमध्ये नोकरीला. वडील तिच्याकडेच राहतात. पत्ता माझ्या खिशात आहे. थप्पड तिच्यासमोर मारली होती, माफीही तिच्यासमोरच मागायची आहे. ती अजून मागितलेली नाही.