विश्वेश्वर गुरुजींच्या दहा कॅसेटी

आमच्या विश्वेश्वर गुरुजींना दोन गोष्टी फार प्रिय होत्या. एक स्वतःचा आवाज आणि दुसरा 'शाब्बास' हा शब्द. उत्तर बरोबर आलं की शाब्बास, धुतलेला सदरा घालून आलं की शाब्बास, पोरानं शिंकून आपलं नाक आपण पुसलं तरी शाब्बास. तेलगावजवळच्या आमच्या दोनशिक्षकी शाळेतला दुसरा शिक्षक मी, त्रिंबक. भिंतीपलीकडून अठरा वर्षं मी त्या शाब्बासक्या ऐकल्या आणि त्यातली एकही माझ्या वाट्याला आली नाही. हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचावं.

हल्ली जो तो ऑनलाइन शिक्षणाचं कौतुक सांगतो. मास्तर एकीकडे, पोरगं दुसरीकडे, मधे यंत्र. मला हसू येतं. आमच्या गुरुजींनी हा उद्योग सत्त्याण्णव सालीच करून ठेवला होता आणि त्यात जेवढा घोळ घालता येतो तेवढा घालूनही ठेवला होता.

दसरा झाला की आमची निम्मी शाळा रिकामी व्हायची. आईबाप ऊसतोडीला निघाले की लेकरंही त्यांच्यामागं, ती पार पाडव्याच्या आसपास परत. चौथीतली स्वप्नाली त्यातलीच. पोरगी चलाख, पण वही अर्धी कोरी. त्या वर्षी निघायच्या आधी तिची आई केशरबाई शाळेत आली आणि दारातूनच बोलली.

"गुरुजी, हिचं औंदा शेवटचं बघा. पास झाली तर पुढच्या साली आजीपाशी ठिवते, शिकू द्या. न्हाई झाली तर कोयता देते हातात. अर्धं इकडं, अर्धं तिकडं कशापायी करायचं?"

"पास हुईल की," गुरुजी म्हणाले.

"सा म्हैने शाळा न्हाई, मंग कशी हुईल?"

पुढचे दोन दिवस भिंतीपलीकडून एकही शाब्बासकी आली नाही, म्हणजे मला दोन दिवस शांतपणे शिकवता आलं. तिसऱ्या दिवशी ते माजलगावला गेले आणि दहा कोऱ्या कॅसेटी घेऊन आले. ऊसतोड टोळीचा मुकादम गहिनीनाथ याच्या ट्रॅक्टरवर टेप होता, हे त्यांनी हेरून ठेवलं होतं. सहा महिन्यांचा अभ्यास कॅसेटीत भरायचा आणि टोळीबरोबर पाठवायचा, असा बेत.

शाळेत वीज म्हणजे नुसते खांब. गुरुजींच्या घरात एकच बटण धड चालायचं, ते स्वयंपाकघरात. त्यामुळे चौथीचा वर्ग भरला चुलीशेजारी. एका बाजूला त्यांच्या पत्नी दानम्मा भाकरी थापतायत, दुसऱ्या बाजूला गुरुजी टेपसमोर मांडी घालून अपूर्णांक सांगतायत. मी एकदा बघायला गेलो. गुरुजींनी प्रश्न विचारला, "एका मोळीत बारा ऊस, तर पंधरा मोळ्यांत किती?" मग डोळे मिटून थांबले. चांगले दहा श्वास थांबले. आणि मग खणखणीत आवाजात, "शाब्बास!"

टेप बंद झाल्यावर मी विचारलं, "गुरुजी, समोर चिटपाखरू नाही. शाब्बास कुणाला?"

"तिकडं पोरगी उत्तर देणार, त्रिंबकराव. तिला शाब्बास नको?"

"आणि उत्तर चुकलं तर?"

"माझी पोरं चुकत न्हाईत."

मी दानम्मांनी दिलेला चहा घेतला आणि घरी आलो.

पुढचं गहिनीनाथानं नंतर सांगितलं. ट्रॅक्टर भरायला लागला की तो टेप लावायचा आणि अख्खी टोळी मोळ्या वाहता वाहता चौथी शिकायची. स्वप्नाली टेपशेजारी पाटी घेऊन बसायची. पण टोळीचं लक्ष लवकरच अपूर्णांकावरून उडालं, कारण कॅसेटीत मधूनच दानम्मा ऐकू यायच्या. "आहो, दूध उतू चाललंय, बघा की!" "आहो, तुमच्या भावजयीनं पुन्हा काय निरोप धाडलाय ठाऊक हाय का?" आणि नेमकं तिथंच गुरुजी म्हणायचे, "गप बस गं, वर्ग चालू हाय." टोळी परत आली तेव्हा केशरबाईनं दानम्मांना रस्त्यातच गाठलं. "बाई, त्या जावंचं पुढं काय झालं?" दानम्मा आठ दिवस गुरुजींशी बोलल्या नाहीत.

परीक्षा आली. हजेरीपटावर स्वप्नालीच्या नावापुढं सहा महिने नुसत्या फुल्या. शाळा तपासायला आलेले केंद्रप्रमुख म्हणाले, "कॅसेटीची हजेरी मला मांडता येत नाही. मी स्वतः तोंडी घेतो. आलं तर पेपरला बसू द्या, नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा चौथी." केशरबाई दाराशी उभी होती. पुढच्या वर्षी पुन्हा चौथी म्हणजे पुढच्या वर्षी कोयता, हे ती, गुरुजी आणि मी असे तिघंच जाणत होतो.

पोरगी छान चालली होती. कविता म्हटली, जिल्ह्यातले तालुके सांगितले. मग केंद्रप्रमुखांनी कॅसेटीतले प्रश्न लिहिलेली गुरुजींचीच वही उघडली आणि विचारलं, "एका मोळीत बारा ऊस, तर पंधरा मोळ्यांत किती?"

"एकशेसत्तर," पोरगी ताडकन म्हणाली.

"चूक."

स्वप्नालीनं जराही न डगमगता त्यांच्याकडं बघितलं. "न्हाई साहेब, बरोबर हाय. तीन नंबरच्या कॅसेटीत गुरुजींनी हेच इचारलं. मी एकशेसत्तर म्हणले, तर शाब्बास म्हणले. मी मागं फिरवून पुन्हा वाजवली, तरी शाब्बासच म्हणले."

मला हसू यायला हवं होतं. माझा मुद्दा इतक्या लवकर खरा ठरला होता. पण दाराशी केशरबाई पदर तोंडाला लावून उभी होती.

गुरुजी खुर्चीवरून उठले. "साहेब, चूक माझी हाय. पोरीची न्हाई. मी न ऐकताच शाब्बास म्हणलो."

अठरा वर्षांत त्यांच्या तोंडून 'चूक माझी' हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो. केंद्रप्रमुखांनी पेन खाली ठेवलं. "मग पुन्हा करू दे तिला."

स्वप्नाली खाली फरशीवर बसली. डोळे मिटले आणि समोर मोळ्या रचाव्यात तसे हात हलवू लागली. "धा मोळ्याचे एकशेवीस. पाच मोळ्याचे साठ." थांबली. "एकशेऐंशी."

केंद्रप्रमुखांनी मान हलवली. पण पोरगी त्यांच्याकडं बघतच नव्हती. ती गुरुजींकडं बघत होती. गुरुजींचे डोळे भरून आले होते.

"गुरुजी," ती म्हणाली, "आता म्हणा की."

"शाब्बास," गुरुजी म्हणाले. इतका बारीक आवाज त्यांचा मी कधी ऐकला नव्हता.

पोरगी पेपरला बसली, पास झाली आणि केशरबाईनं शब्द पाळला. पुढच्या दसऱ्याला टोळी गेली, स्वप्नाली आजीपाशी राहिली. टोळीबरोबर जाणाऱ्या बाकीच्या पोरांसाठी गुरुजींनी टोळी निघायच्या आधीच त्याच दहा कॅसेटी पुसून पुन्हा भरल्या होत्या. पण या खेपेला चुलीशेजारी स्वप्नालीला समोर बसवलं. ते प्रश्न विचारायचे, ती मोठ्यानं उत्तर द्यायची आणि ऐकल्याशिवाय शाब्बास नाही, असा नियम झाला. तो नियम मोडू नये म्हणून दानम्मा लाटणं घेऊन शेजारी बसायच्या.

पाडव्याला टोळी परतली. कॅसेटी मात्र नऊच आल्या. वस्तूंच्या बाबतीत गुरुजी भलते काटेकोर. खडूचा तुकडाही मोजून घेत. तडक केशरबाईच्या घरी गेले. मी शाळेच्या पायरीवर त्यांची वाट बघत होतो, चिडवायचं म्हणून.

"मिळाली का?"

"न्हाई. हरवली म्हणते."

"मग?"

गुरुजी पायरीवर माझ्याशेजारी बसले. "त्रिंबकराव, देव्हाऱ्यात हाय. फडक्यात गुंडाळून ठिवलीय, कोपरा दिसला मला. सा म्हैने तिकडं लेकीचा आवाज तिनं त्याच्यातच ऐकला असंल." मग म्हणाले, "घरी टेप न्हाई तिच्या. साधा रेडिओसुदीक न्हाई."

केशरबाई ती कॅसेट कधी वाजवू शकणार नव्हती, तरी ती परत देणार नव्हती.

"मग तुम्ही मागितली नाही?"

"नऊत भागवू," गुरुजी म्हणाले.

"शाब्बास," मी म्हणालो.