राखणदाराकडची बाटली

सन २००४. मी एकसष्ट वर्षांचा होतो. शाळा तिसरीपर्यंत, पण बोटीचं इंजिन नुसत्या आवाजावरून ओळखतो. जागा राखणारे अदृश्य राखणदार, देवचार असल्या गोष्टी मी कधीच मानल्या नाहीत. वडील दरवर्षी आमच्या माडांच्या बागेत राखणदाराच्या दगडापुढे दारूची बाटली नि विडी ठेवून 'सगळ्यांक सांभाळ' असं गाऱ्हाणं घालीत. ते गेल्यावर मी ते बंद केलं... दगड कसली दारू पितो!

त्या दिवशी मतदान होतं, दारूची दुकानं बंद. धाकटा भाऊ शांताराम मत देऊन उन्हातून आला, स्वतःच सरबत करून दोन पेले प्याला.

"वहिनी, आज कोकम आंबट नाय गो!"

तासाभरात झोकांड्या खायला लागला.

"दुकानां बंद, तरी खंय गावली रे तुका?" मी हसलो.

मग तो ओकला. तेव्हा मी फळीवर बघितलं. बोटीचं इंजिन थंड ठेवायचं लाल कूलंट मी कोकमाच्या बाटलीत ओतून ठेवलं होतं — ती बाटली बरीच रिकामी झाली होती.

त्याला गावातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "हे विष आहे. खरं औषध गोव्याहून यायला संध्याकाळ होईल. तोवर दारूच उतारा, मी मोजून नळीने देतो. माझ्याकडचं स्पिरिट पोटात चालत नाही. सीलबंद बाटली आणा, लवकर. सरबताच्या बाटलीत हे भरलं कुणी?"

"मेकॅनिकने," मी म्हणालो.

वाडीत घरोघर फिरलो. कुणाकडे थेंब नाही.

"राखणदाराकडे तरी बघून येवा," बायको म्हणाली.

"येड लागला काय तुका?"

सकाळीच मी तिथला वाळक्या पानांचा पातेरा झाडला होता, काही नव्हतं. बागेची चावी माझ्या कमरेला. तरी गेलो... दगडापुढे भरलेली बाटली. सील शाबूत.

डॉक्टरांनी तीच दिली. संध्याकाळी औषध आलं, भाऊ वाचला; रात्री त्याला तालुक्याच्या इस्पितळात हलवलं. पुढे मी सगळ्या वाडीला विचारलं — बाटली कुणीच ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताच बाटली आणून दगडापुढे ठेवली. वडिलांसारखं गाऱ्हाणं मला येत नाही. एवढंच म्हणालो, "ता कूलंट मीच ओतललंय. मेकॅनिकान नाय."

मागे बायको उभी होती. "माका ठावक आसा. आता भावोजींक सांगा."

मिळाली ती एसटी धरली, नि शांतारामच्या खाटेशी बसून त्याला सांगितलं.