भाऊंचं पोट आणि माझी बडबड

गावासाठी झुरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण ज्याचं पोटच गावासाठी झुरत होतं असा माणूस एकच, माझ्या शेजारच्या पलंगावरचे भाऊ. चंद्रपूर-गडचिरोलीत इतकं हट्टी पोट दुसरं नसेल. आमच्या चंद्रपूरच्या वृद्धाश्रमात सकाळी कुणी नमस्कार-चमत्कार करत नाही. सिस्टर दारातूनच विचारतात, "झालं का?" ज्याचं झालं तो परीक्षेत पास झाल्यासारखा ऐटीत चहा पितो. भाऊ रोज नापास. इसबगोल झाला, एरंडेल झालं, डॉक्टरांचं ते गोडमिट्ट पातळ औषध झालं, पोट काही दाद देईना. वर भाऊ सिस्टरनाच समजवायचे, की बाई, खोट औषधात नाही, जागेत आहे.

कुरखेड्याकडच्या त्यांच्या गावी हा विधी एकट्यानं उरकायची रीतच नव्हती. पहाटे सोबत्यांना हाका मारायच्या, लोटे घेऊन बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, पाळीवर जायचं, ज्यानं त्यानं आपलं झुडूप धरायचं आणि आडूनच गप्पा झोडायच्या. कुणाच्या धानाच्या बांधीत पाणी कमी, मंडईच्या जत्रेला नाटक कोणतं आणायचं, सगळं तिथं ठरायचं. पुतणीच्या सोयरिकीला तर भाऊंनी म्हणे पळसाआडूनच होकार दिला होता, आणि पोरगी आज सुखात आहे. असा माणूस पांढऱ्या टाइलांच्या खोलीत कडी लावून कमोडवर बसायचा! बराच वेळ बसून उतरल्या चेहऱ्यानं बाहेर यायचे. म्हणायचे, "इथी कोनी बोलतच नाई, कंडक्टरभाऊ. गुमसुम बसलं तं पोटाले काय समजते?"

मुलगा गडचिरोलीला नोकरीत. त्यानं फोनवर कबूल केलं होतं, की महिनाअखेरपर्यंत पोट सुधारलं नाही तर बाबांना गावी पुतण्याकडे नेऊन ठेवतो. तेव्हापासून भाऊ दिवस मोजायला लागले.

पण मला त्यांचे हाल बघवेनात. अख्खा जन्म बसमध्ये ओरडण्यात गेलेला, तोंड मिटून बसणं आपल्याला जमत नाही. एका सकाळी संडासाच्या दाराबाहेर स्टूल टाकलं आणि विचारलं, "भाऊ, यंदा हलकं धान लावावं की भारी?" आतून आधी नुसता हुंकार. मग भारी धानाची बाजू, मग माझ्या शहरी अकलेचा उद्धार, आणि थोड्या वेळानं पाण्याचा आवाज. भाऊ बाहेर आले ते नवरदेवासारखे. पण दोन पावलं टाकली आणि एकदम चेहरा पडला. माझा हात घट्ट धरून म्हणाले, "सिस्टरले सांगू नका. पोट चालून राह्यलं म्हनून समजलं, तं पोरगा मले नेनार नाई."

झालं! त्या दिवसापासून आम्ही दोघं चोर. दाराआडून हळू आवाजात धानाची शेती करायची, आणि चहाच्या वेळी भाऊंनी कण्हत सांगायचं, की नाई झालं. औषध वाढत गेलं. ते सगळं गुपचूप माझ्या कपात येऊ लागलं, आणि माझी तब्येत अशी काही खुलली की सिस्टर चारचौघांत माझं कौतुक करायला लागल्या.

महिना सरला. मुलगा आला, वैतागलेला, पण शब्दाचा पक्का. गाडीत बसताना भाऊंनी पोट धरून असा काही अभिनय केला की मंडईतल्या नटानं मान खाली घालावी. मला हसू आवरेना. गाडी वळली आणि रडूही आवरेना.

काही दिवसांनी सकाळीच फोन आला, पुतण्याच्या मोबाइलवरून. मी म्हटलं, मजा आहे बुवा तुमची. पलीकडून नुसता पाखरांचा आवाज. मग भाऊ सांगू लागले. बोडी आहे तिथंच आहे, झुडपंही आहेत. पण सोबती काही वारले, काही अंथरुणाला खिळले, आणि बाकी गावात आता घरोघरी संडास.

"पाळीवर एकटाच बसून राह्यलो, कंडक्टरभाऊ. हाका मारल्या. कोनी ओ देत नाई. तुमी बोला ना."

मग मी बोललो. धानाच्या रोवणीबद्दल बोललो, पाण्याबद्दल बोललो. त्यांच्या पलंगावर अजून कुणी आलेलं नाही, आणि मला इथं अजिबात करमत नाही, हेही सांगून टाकलं. भाऊ पलीकडून "हव, हव" म्हणत राहिले.