मेकाँगकाठी वहिनी झोपल्या

आई गेल्यानंतर बरेच महिने आमच्या घरात कोणाला काय करावं तेच सुचत नव्हतं. आई सात-आठ वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. दादाची बँकेत नोकरी, माझी चितेगावच्या एका कारखान्यात. मी सकाळी क्रांती चौकातून कंपनीची बस धरायची ते दिवेलागणीला परत. दादाचा मुलगा पुण्याला. घरी आईजवळ वहिनी. कुशीवर वळवणं, अंग पुसणं, पाठीला पावडर लावणं, भरवणं, आणि रात्री आईनं नुसतं 'अगं' म्हटलं की उठून बसणं. शेवटी शेवटी आईला तेवढा एकच शब्द नीट म्हणता यायचा. दादा आणि मी मदत करायचो, पण ती मदतच असायची. काम वहिनींचं होतं.

मी लग्न केलेलं नाही. पन्नाशी जवळ आली होती आणि सुट्ट्या साठून पडल्या होत्या. बसमध्ये जाता-येता मी मोबाईलवर व्हिडिओ बघायचे. एकेकट्या पोरी पाठीला सॅक लावून थायलंड, लाओस, व्हिएतनाम फिरताना दिसायच्या, स्वस्तात राहायच्या, रस्त्यावर खायच्या. टूर कंपनीच्या बसमधून टोप्या घालून फिरायची मला हौस नव्हती आणि ते परवडलंही नसतं. मैत्रिणींना विचारलं तर कोणाच्या मुलाची बारावी, कोणाचे गुडघे. दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "एकटी कुठं जातेस परदेशात? हिला घेऊन जा."

वहिनी मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "येते मी," म्हणाल्या. कुठं, किती दिवस, काही विचारलं नाही.

मला बरं वाटलं. वाटलं, बिचाऱ्यांनी इतकी वर्षं घराबाहेर काही पाहिलं नाही, आता पाहतील. पासपोर्ट निघाले, दोन सॅका घेतल्या. वहिनींनी प्रवासासाठी चार पंजाबी ड्रेस शिवून घेतले. सामानात आम्ही थालीपिठाची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, पापड, एक छोटी इलेक्ट्रिक किटली असं सगळं भरलं. बँकॉक, तिथून रेल्वेनं लाओस, मग बसनं व्हिएतनाम, कंबोडिया आणि परत बँकॉक, असा माझा बेत होता. शक्य तितके रात्रीचे प्रवास करायचे म्हणजे लॉजचा खर्च वाचतो, हे मी व्हिडिओत ऐकलं होतं. त्या पोरी पंचवीस वर्षांच्या होत्या हे मी तेव्हा लक्षात घेतलं नाही.

संभाजीनगरहून मुंबई, मुंबईहून बँकॉक. विमानतळातून बाहेर पडलो तर गरम, ओलसर हवा अंगाला चिकटली. सॅक पाठीवर घेऊन स्टेशन ते लॉज एवढं चालले आणि मला कळलं की भाजणी आणि किटली आणायला नको होती. लॉज म्हणजे एका खोलीत एकावर एक असे पलंग, आठ-दहा जणी. आम्ही खालचे दोन पलंग मागून घेतले. पडदा ओढला की आपली तेवढी खोली.

पहिल्या रात्री वरच्या पलंगावरची मुलगी खोकली. मला जाग आली ती वहिनींच्या आवाजानं. त्या पलंगावरून उतरून उभ्या राहिल्या होत्या आणि अंधारात वर बघून विचारत होत्या, "काय पायजे? पानी?" ती गोरी मुलगी घाबरून उठून बसली. मी इंग्रजीत काहीतरी सांगून वेळ मारून नेली. वहिनी परत आडव्या झाल्या, पण झोपल्या नाहीत. पडद्याच्या फटीतून त्यांचे उघडे डोळे मला दिसत होते.

दिवसा मात्र त्या जिथं टेकतील तिथं झोपायच्या. नदीतल्या बोटीत, फलाटावरच्या बाकावर, फळाच्या दुकानाच्या पायरीवर. भव्य निद्रिस्त बुद्ध बघायला मी त्यांना हाताला धरून नेलं. त्यांनी हात जोडले, थोडा वेळ पाहिलं. "आपल्या अजिंठ्यात हाय की असाच," म्हणाल्या आणि खांबाला पाठ लावून बसल्या. मी सगळीकडे फिरून, फोटो काढून आले तर त्या गाढ झोपलेल्या. चपलांची पिशवी मांडीवर, पर्स पोटाशी धरलेली.

मी मनात म्हटलं, वय झालं, उन्हाचा त्रास होत असेल. मग रात्रीची रेल्वे करून लाओसला आलो. त्या एका रात्रीचं लॉजचं भाडं वाचलं आणि पुढचा सगळा दिवस गेला. अंग असं मोडून आलं होतं की सीमेवरच्या रांगेत मी उभ्या उभ्या पेंगत होते. राजधानीत न थांबता दुसऱ्या रेल्वेनं आम्ही लुआंग प्रबांगला पोचलो.

ते गाव छोटंसं, मेकाँग नदीच्या काठी वसलेलं. आम्हाला खोली मिळाली ती एका लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर. एसी नव्हता म्हणून स्वस्त होती. घर चालवणारी बाई आमच्याच वयाची. तिला इंग्रजी जेमतेम, वहिनींना अजिबात नाही. खोलीत पंखा, दोन गाद्या, आणि नदीकडची एक खिडकी. वहिनींनी सॅक ठेवली, खिडकीतून एकदा पाहिलं आणि झोपल्या.

दुसऱ्या दिवशी मला धबधबा बघायला जायचं होतं. "तुम्ही जा ताई," म्हणाल्या. मी जाऊन आले, त्या झोपलेल्या. तिसऱ्या दिवशी बुद्धमंदिरं, बाजार. परत आले, झोपलेल्या. मधे उठून त्यांनी अंघोळ केलेली असायची. खालच्या बाईनं दिलेला चिकट भात शेंगदाण्याच्या चटणीशी खाल्लेला असायचा. तेवढंच. मी बाहेर एकटी भटकून थकत होते, आणि थकल्यामुळं चिडचिड होत होती. व्हिएतनामच्या बसची तिकिटं काढायची होती आणि त्याबद्दल बोलायलासुद्धा माणूस जागं नव्हतं.

एका दुपारी मी बोललेच. "वहिनी, झोपायचंच होतं तर घरी काय जागा कमी होती?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "घरी झोप येत नाय ताई. घरी अजून आवाज येतो."

"कसला?"

"आईंचा. अगं म्हनतात. मी उठून बसते, मग ध्यानात येतं. बँकॉकला बी येत हुता. इथं नाय येत."

दादा शेजारी झोपतो, त्याला हे ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. मी म्हटलं, "बरं, अजून दोन दिवस राहू." आणि बाहेर जाऊन नदीकाठी नुसती बसले.

मग मला ताप आला. ऊन लागलं की बाजारातलं काही बाधलं, माहीत नाही. सकाळपासून उलट्या, आणि दुपारपर्यंत अंग इतकं तापलं की पंख्याचा वारा टोचत होता. मी "वहिनी" अशी हाक मारली. त्या तत्काळ उठल्या. पाण्याच्या भांड्यात माझी ओढणी बुडवली, पिळली, घडी केली. त्यांचे हात किती सराईतपणे चालतात ते मी गादीवरून बघत होते. घडी घेऊन त्या माझ्या उशाशी आल्या आणि थांबल्या. तशाच उभ्या राहिल्या. पाणी जमिनीवर ठिबकत होतं.

"ताई, मला हे नाय जमायचं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, त्यांनाही बरं नाही. "काय होतंय तुम्हाला?"

"मला काय बी होत नाय. डॉक्टर लागला तर आनते. औषध आनते. त्या खालच्या बाईला बोलावते. पन हे पट्ट्या ठेवनं, डोकं धरनं, मी आता नाय करनार. तुम्ही राग धरू नका."

ओली घडी त्यांनी माझ्या हातात दिली आणि खाली गेल्या. काय खाणाखुणा केल्या माहीत नाही, पण थोड्या वेळानं घराची मालकीण आली. तिनं कपाळाला हात लावला, औषधाच्या दुकानातून गोळ्या आणि मीठ-साखरेची पाकिटं आणली, पाण्यात कालवून पाजलं. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. ती बाई माझ्याजवळ बसली, तशा त्यांनी चपला घातल्या आणि निघून गेल्या.

मला फार राग आला. परक्या मुलखात, तापात, आपलं माणूस सोडून जातं. थोड्या वेळानं मालकीणही आपल्या कामाला गेली. मी एकटीच पडून राहिले, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते तापाचं आहे असं मी स्वतःला समजावत होते. पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. मला भीती वाटली होती. मुलंबाळं नाहीत, नवरा नाही, पुढं माझं कोण करणार, असं मला लोक इतकी वर्षं विचारत आले आणि मी कधी अस्वस्थ झाले नाही. का झाले नाही, ते त्या गादीवर कळलं. घरात वहिनी होत्या. माझं म्हातारपण मी एका शब्दानंही न बोलता त्यांच्या अंगावर टाकून मोकळी झाले होते. त्यांना विचारलेलं नव्हतं. माझं मलाही कळलेलं नव्हतं.

वहिनी संध्याकाळी आल्या. पाय धुळीनं भरलेले, नाक उन्हानं लाल झालेलं, हातात केळ्यांची फणी.

"कुठं गेला होता?"

"नदीच्या पल्याड. मोठी नाव हाय, मोटारसायकली घेऊन चढत्यात लोक. मी बी चढले. पल्याड एक देऊळ हाय, पायऱ्या लई हायेत. बसले तिथं. मग परत आले."

"एकट्याच?"

"व्हय. कोनी काय विचारलं नाय."

केळं सोलून त्यांनी स्वतः खाल्लं, एक माझ्या उशाशी ठेवलं. "बरं हाय का आता?" हे त्यांनी भेटायला आलेल्या पाहुण्यानं विचारावं तसं विचारलं. मी म्हटलं, "हो, थोडं."

"पैठनला धरनाचं पानी बघायचो आम्ही लहानपनी," त्या खिडकीशी जाऊन म्हणाल्या. त्यांचं माहेर पैठणचं. "ते नुसतं साचलेलं दिसतं. हे चालतंय."

ताप उतरायला तीन-चार दिवस लागले. रोज सकाळी वहिनी गोळ्या आणि पाणी माझ्या हाताशी ठेवायच्या आणि बाहेर पडायच्या. माझं मी उठत होते, भिंत धरून मोरीपर्यंत जात होते. अशक्तपणा एवढा होता की व्हिएतनामचं नाव काढायची शक्ती नव्हती, आणि खरं सांगायचं तर इच्छाही राहिली नव्हती. परतीचं विमान बँकॉकहून ठरलेल्या दिवशीच होतं. तोवर आम्ही त्याच खोलीत राहिलो. भाजणीची थालीपिठं वहिनींनी खालच्या चुलीवर लावली, मालकिणीला खाऊ घातली. तिनं एक घास खाऊन बाकीचं हसत बाजूला ठेवलं.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी नदीकाठच्या कट्ट्यावर बसलो होतो. मला विचारल्याशिवाय राहवेना.

"वहिनी, पुढं मी कधी आईसारखी पडले तर..."

"मला म्हाईत हाय तुम्ही काय इचारताय ते." समोरून वाळूची एक होडी गेली. "मला पन तोच इचार येतो. माझं कोन करनार? पोराला सुट्टी नसती. उद्या सून आली तरी तिच्या जिवावर मी नाय बसनार, ती बी मानूस हाय."

"मग काय करायचं?"

"ते मला नाय म्हाईत ताई. पन मी एकटीनं कोनाचंच नाय करनार आता. तुमच्या दादांचं बी नाय, तुमचं बी नाय. सगळे मिळून करू म्हनले तर करीन. आनि माझं बी कोनी एकटीनं करू नये."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. बाजारातून काय आणायचं आणि काय नाही ते सांगावं तसं त्या बोलल्या. मी म्हटलं, "बरं."

परत आल्यावर कंपनीच्या बसमधल्या मुलींनी विचारलं, कशी झाली ट्रिप, आम्हालाही जायचंय, काय काय लक्षात ठेवायचं. मी सांगितलं की सॅक भरून झाली की अर्धं सामान काढून ठेवा. एकापाठोपाठ एक रात्रीचे प्रवास करू नका, वाचलेलं भाडं अंगावर निघतं. चार देशांचा बेत करू नका, एक पुरतो. आणि बरोबरचं माणूस कशासाठी येतंय ते निघण्याआधी विचारा. हे शेवटचं ऐकून त्या हसल्या, त्यांना ते नवऱ्याबद्दल वाटलं.

गेल्या हिवाळ्यात दादाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरी आणायच्या आधी दवाखान्यात त्याच्या खोलीत आत्या आणि चुलत बहिणी जमल्या होत्या. "वहिनी आहे, काळजी नाही," असं कोणीतरी म्हणालं. चहा देता देता वहिनी म्हणाल्या, "रात्रीला बाई ठेवावी लागंल. दिवसा मी हाय. रविवारी ताई आनि पोरगा बघतील."

आत्या म्हणाली, "स्वतःच्या नवऱ्याचं करायला बाई ठेवणार?" दादा छताकडं बघत पडला होता. त्याला ते लागलं होतं, दिसत होतं. मी म्हटलं, "रविवार माझा. शनिवारी रात्रीही मी थांबीन." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

बाई आली. दादा आठवडाभर वहिनींशी मोजकंच बोलला, मग हळूहळू बोलायला लागला. भाचा दोन रविवार आला, तिसऱ्या रविवारी नाही आला. माझे शनिवार फार जड गेले. दादाला उठवून बसवायचं, वॉकर द्यायचा, लघवीला न्यायचं, परत निजवायचं. सोमवारी कामावर माझी पाठ धरलेली असायची. दोन महिन्यांचंच काम, आणि तेही वाटून घेतलेलं.

आता दादा काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतो. माझ्या पुढच्या दिवसांचं मी अजून काहीच ठरवलेलं नाही. कारखान्यातल्या दोघी-तिघी एकट्या बायका आहेत, जेवणाच्या सुट्टीत कधी विषय निघतो, अर्ध्यावर राहतो. आत्या वहिनींशी अजून नीट बोलत नाही. सणाला येते, माझ्याशी बोलते, दादाशी बोलते, आणि ताट घेऊन बाहेरच्या खोलीत बसते. वहिनी तिला वाढतात, हवं-नको विचारतात आणि आत जाऊन आपलं ताट घेतात.